धूळपाटीचा प्रवास

श्रोतेहो, आपण या क्षणीं जेथें बसलां असाल तेथेंच डोळे मिटून उजव्या हाताची तर्जनी आपल्या नाकाच्या शेंड्यास लावून पाहा. बहुतेकांचें बोट न चुकतां ठिकाणीं पोहोंचेल. आतां स्वतःस विचारा, कीं डोळे मिटलेले असतां हात कोठें आहे, कोपर किती वांकलें आहे आणि नाक किती दूर आहे, ही वार्ता आपणांस कोणीं दिली? डोळे तर मिटलेले होते. कानांचा येथें संबंध नाहीं. बोट नाकास लागण्यापूर्वींच ही वार्ता मिळाली असल्यामुळें तिचें श्रेय त्वचेसहि देतां येत नाहीं. पंचेंद्रियांचीं नांवें आपण लहानपणीं पाठ केलीं. परंतु हें काम करणारें इंद्रिय त्या यादींत नव्हतें.

आपल्या भाषेस मात्र त्याची ओळख फार जुनी आहे. एखादें काम सरावानें साधलें कीं आपण म्हणतों, 'हात बसला'. सवय पक्की झाली कीं ती 'अंगवळणीं पडली'. विद्या 'अंगीं बाणते' आणि कसबी माणसाची 'हातोटी' असते. सर्वांत बोलका शब्द 'वळण' हा होय. मुलाच्या अक्षराला वळण असतें आणि मुलाच्या वागणुकीलाहि वळणच असतें. आणि मौज अशी, कीं 'देहभान' हा आपला सुंदर शब्द बहुधा 'हरपणें' किंवा 'विसरणें' याच क्रियापदांच्या सोबतीनें येतो. देहाचें भान गेल्याचीं वर्णनें आपण पुष्कळ केलीं. तें भान असतें म्हणून मूल शिकतें, याचा विचार त्यामानानें थोडा झाला. या देहभानाचा आणि शाळेचा संबंध कसा जुळला, कसा तुटला आणि पुन्हां कसा जुळला, ही हकीकत आज सांगावयाची आहे. आणि ती एका अगदीं साध्या वस्तूच्या प्रवासावरून सांगतां येण्यासारखी आहे. ती वस्तु म्हणजे धूळपाटी.

इंग्रजी अंमल येण्यापूर्वीं, आणि तो आल्यावरहि पुष्कळ वर्षें, महाराष्ट्रांतील मुलांचें पहिलें शिक्षण पंतोजींच्या शाळेंत होई. तिला स्वतंत्र इमारत क्वचितच असे. देवळाची ओवरी, एखाद्या सावकाराची ओसरी किंवा पंतोजींच्या घराची पडवी, हीच शाळा. नव्या मुलापुढें लाकडी फळी ठेवावयाची, तिजवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरावयाची, पंतोजींनीं तींत अक्षर काढून द्यावयाचें, आणि मुलानें तोंडानें त्याचा उच्चार करीत बोटानें अथवा काडीनें तें गिरवावयाचें. कोणत्याहि कार्याच्या आरंभास आपण आजहि ज्याला 'ओनामा' म्हणतों, तो मुळांत या धुळींत होई. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. धुळींतलें अक्षर टिकत नाहीं. तें गिरवतां गिरवतांच मोडतें, आणि फळी हलवून धूळ सारखी केली कीं नाहींसें होतें. तें पुन्हां काढावयाचें तर हाताला पडलेल्या वाटेनेंच काढावें लागतें. कागद महाग होता म्हणून ही युक्ति निघाली असेल. परंतु तिच्या पोटीं शिक्षणाचें एक मोठें तत्त्व नकळत सांभाळलें गेलें.

धूळपाटीनंतर कित्ता आणि बोरू येत. मोडी लिहिणारा प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढी आणि मग तिच्याखालीं, शक्य तोंवर हात न उचलतां, अक्षरामागून अक्षर सोडीत जाई. मोडी वाचणें डोळ्यांचें काम असलें तरी मोडी लिहिणें ही मनगटाची चाल होती. गणिताचेंहि तेंच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे संध्याकाळीं परवच्याच्या वेळीं तालावर, अंग डोलवीत म्हटले जात. अंगठा चार बोटांच्या पेरांवरून फिरविला कीं बारा मोजून होतात, हें कोणा मुलास पुस्तकांत वाचावें लागत नसे. अक्षर, उच्चार, ताल आणि हालचाल यांची येथें एकच मोट बांधलेली होती.

ही रीत एकट्या महाराष्ट्राची नव्हती. पिएत्रो देल्ला वाल्ले नांवाचा एक इटालियन प्रवासी १६२३ सालीं गोव्याहून दक्षिणेस इक्केरीच्या राज्यांत गेला होता. वाटेंत त्यानें कांहीं मुलें अंकगणित शिकतांना पाहिलीं, आणि तो तेथें थबकला. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली होती. एका मुलानें आंकडा चालीवर म्हणावयाचा, इतरांनीं तोच म्हणत म्हणत बोटानें वाळूंत लिहावयाचा, आणि जागा भरली कीं ती सारखी करून, लागल्यास नवी वाळू पसरून, पुढें चालावयाचें, असा क्रम चालला होता. त्या वेळीं तेथें गुरु नव्हता. मुलें एकमेकांच्या आधारानें शिकत होतीं. प्रवाशानें ही पद्धति सोपी आणि खात्रीची म्हणून नोंदून ठेविली. गुरूवांचून चाललेला हा पाठ आपण लक्षांत ठेवूं. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां, जुनें तें सर्व सोनें असें म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. पंतोजींच्या शाळेंत ज्या देहाला अक्षर शिकविलें जाई त्याच देहाला छडीहि शिकविली जाई. अंगठे धरून ओणवें राहणें हाहि एक प्रकारचा अंगीं बाणलेला धडाच होता. आणि त्याहून मोठा दोष हा, कीं धूळपाटी सर्वांच्या बोटांसाठीं नव्हती. जिच्या चिमटींतून रोज सकाळीं उंबऱ्याशीं रांगोळीची रेघ न तुटतां उतरे, त्या स्त्रीस अक्षराची रेघ वर्ज्य होती. ज्या कुंभाराचा अंगठा चाकावरच्या मातीची जाडी न पाहतां ओळखी, ज्या सुताराचा हात रंधा फिरतांच लांकडाचा कल जाणी, त्यांच्या मुलांपर्यंत अक्षर क्वचितच पोहोंचे. आणि अस्पृश्य मानलेल्या मुलास तर ओवरीची पायरीहि चढतां येत नसे. सरकारी शाळा निघाल्यावरहि हें एकदम पालटलें नाहीं. १८५६ सालीं मुंबई इलाख्यांतील धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला, तो त्याला मिळाला नाहीं. पुढें सातारच्या शाळेंत बाल भीमराव आंबेडकरांना बसावयास वेगळें गोणपाट घरून न्यावें लागे, हें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. ज्यांच्या हातांत कसब होतें त्यांस अक्षर नाहीं, आणि ज्यांस अक्षर होतें त्यांस हाताच्या कामाची लाज, अशी ही फारकत होती. जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढून, आणि १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमांत शेतीच्या ज्ञानासहि जागा मागून, या फारकतीच्या दोन्ही बाजूंवर बोट ठेविलें.

आपली धूळपाटी मात्र याच्या पुष्कळ आधीं समुद्रापार गेली होती. तिला नेणारा गृहस्थ म्हणजे अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री. तो १७८७ सालीं मद्रासेस आला आणि १७८९ सालीं तेथें एग्मोर भागांत निघालेल्या अनाथ मुलग्यांच्या आश्रमाचा अधीक्षक झाला. युरोपियन शिपायांचीं मुलें तेथें असत. शिक्षक थोडे आणि जे होते ते कंटाळलेले, अशी त्या आश्रमशाळेची अवस्था होती. एके दिवशीं घोड्यावरून फेरफटका करीत असतां बेलसाहेबांनीं एक देशी शाळा पाहिली. मुलें जमिनीवर बसून वाळूंत बोटांनीं अक्षरें काढीत होतीं. आपल्या शाळेंत खालच्या वर्गास असेंच शिकवावें, असें त्यांनीं परत जाऊन फर्माविलें. शिक्षकानें हें होणें नाहीं म्हणून सांगितलें. तेव्हां बेलसाहेबांनीं आठ वर्षांच्या एका मुलास त्या वर्गावर नेमलें, आणि जें शिक्षकास अशक्य वाटलें तें त्या मुलानें करून दाखविलें. १७९६ सालीं बेल स्वदेशीं परतले आणि दुसऱ्याच वर्षीं लंडनमध्यें त्यांनीं या प्रयोगाची हकीकत छापली. यूरोपांत पुढें 'मद्रास पद्धति' या नांवानें जी गाजली ती हीच.

परंतु गाजलें तें काय? त्या पद्धतींत दोन गोष्टी होत्या. एक, मुलाचें बोट वाळूंत फिरतें. दुसरी, मोठ्या मुलाकडून लहान मुलांस शिकविल्यानें शिक्षकाचा पगार वांचतो. कारखान्यांच्या त्या युगांत इंग्लंडास दुसरीची गोडी अधिक लागली. जोसेफ लँकेस्टर या दुसऱ्या शिक्षकानें १७९८ च्या सुमारास लंडनच्या बरो भागांत जी शाळा काढली, तींत पुढें एका मोठ्या दालनांत शेंकडों मुलें एकाच मास्तरच्या देखरेखीखालीं बसूं लागलीं. अगदीं लहान मुलांपुढें वाळूचें मेज होतें खरें. पण तेथें वर्गनायकाच्या इशाऱ्यावर सर्वांनीं हात उचलावयाचा, इशाऱ्यावर अक्षर काढावयाचें, आणि इशाऱ्यावर थांबावयाचें. वाळू तीच आणि बोट तेंच. परंतु बोटाचा धनी बदलला. इक्केरीच्या वाटेवर मुलें जें आपल्या चालीवर करीत होतीं, तें आतां पलटणीच्या कवाइतीसारखें हुकुमावर होऊं लागलें.

आणि दैवगति अशी, कीं हीच पद्धति पुन्हां आपल्याकडे परत आली. १८२० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्यांत देशी मुलांसाठीं नव्या धर्तीच्या शाळा निघूं लागल्या, तेव्हां त्यांत लँकेस्टरची पद्धति इंग्लंडांतील नामांकित सुधारणा म्हणून घालण्यांत आली. ज्या देशांतून ती निघाली त्याच देशास ती शिकविण्यांत आली. हळूहळू धुळीची जागा दगडी पाटीनें घेतली, पाटीबरोबर बांक आले, आणि बांकांबरोबर आपल्या सर्वांच्या कानांत बसलेला तो हुकूम आला : 'हाताची घडी, तोंडावर बोट.' श्रोतेहो, या हुकुमाचे दोन्ही भाग एकदम पाळतां येत नाहींत, हें कोणत्याहि चतुर मुलाच्या ध्यानांत येतें. पण त्यांतला खरा अर्थ याहून खोल आहे. जें बोट एके काळीं अक्षराची वाट शोधीत होतें, तेंच आतां तोंड बंद ठेवण्याच्या कामीं लागलें. हलणारें मूल म्हणजे न शिकणारें मूल, अशी समजूत शाळेंत रूढ झाली.

ज्या काळांत शाळा मुलाचा देह असा स्थिर करीत होत्या, त्याच काळांत शास्त्रज्ञांस देहाच्या हालचालींत दडलेलें ज्ञान दिसूं लागलें होतें. १८२६ सालीं चार्ल्स बेल या दुसऱ्या एका स्कॉटिश बेलनें, जो धंद्यानें शस्त्रवैद्य होता, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें एक निबंध मांडला. मेंदू आणि स्नायु यांच्यामध्यें मज्जातंतूंचें एक वर्तुळ आहे, असें त्यानें प्रतिपादिलें. एका तंतूनें मेंदूची आज्ञा स्नायूकडे जाते आणि दुसऱ्या तंतूनें स्नायूची स्थिति मेंदूला कळते. दूत नुसता जाऊन भागत नाहीं, तो परतहि यावा लागतो. १८३३ सालीं याच बेलनें केवळ मनुष्याच्या हातावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढें चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या संवेदनेचें शास्त्रशुद्ध विवरण केलें आणि 'स्वतःच्याच अंगाची वार्ता घेणारी' अशा अर्थाचें नांव तिला दिलें. स्नायूंत, स्नायूंच्या टोकांच्या दोऱ्यांत आणि सांध्यांत सूक्ष्म वार्ताहर बसलेले असतात. कानाच्या आंतल्या भागांतील तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकें कोणत्या बाजूस फिरतें तें सांगत असतात. या सर्वांच्या वार्ता मेंदूंत एकत्र होतात, तेंच आपलें देहभान.

हें भान नाहींसें झालें तर काय होतें, याचें एक दारुण उदाहरण वैद्यकाच्या इतिहासांत नमूद आहे. १९७१ सालीं एकोणीस वर्षांच्या एका तरुणास तापानंतर विलक्षण व्याधि जडली. मानेखालीं स्पर्शाची आणि अंगस्थितीची वार्ता आणणारे त्याचे तंतु नष्ट झाले. आज्ञा नेणारे तंतु मात्र शाबूत राहिले. म्हणजे अंगांत शक्ति होती, पण हात कोठें आणि पाय कोठें हें त्याला कळत नव्हतें. तो उभा राहूं शकेना, बसूंहि शकेना. कित्येक महिन्यांच्या जिद्दीनें तो पुन्हां चालावयास शिकला, परंतु डोळ्यांच्या जोरावर. प्रत्येक पाऊल पाहून टाकावें लागे, आणि अकस्मात् दिवा गेला तर तो जमिनीवर कोसळे. आपण जें फुकट मिळालें म्हणून विसरतों, त्याची ही किंमत आहे.

याचा अक्षराशीं संबंध कसा, तें पाहूं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्यांत लहान मुलें फसतात, हें प्रत्येक प्राथमिक शिक्षकास ठाऊक असतें. पाहून ओळखावयाचें असेल तर त्यांत फरक एका गांठीचा किंवा डोक्यावरच्या रेघेचा. परंतु हातानें काढावयाचीं झालीं कीं प्रत्येकाची वाट निराळी होते; भ काढतांना बोटास आरंभींच एक वळसा घ्यावा लागतो, तो म मध्यें घ्यावा लागत नाहीं. डोळ्याला अक्षर हें चित्र आहे, हाताला तो प्रवास आहे. आणि केलेला प्रवास पाहिलेल्या चित्राहून अधिक लक्षांत राहतो.

ही गोष्ट शाळेंत पुन्हां आणण्याचें काम ज्यांनीं केलें त्यांची परंपरा मोठी विचित्र ठिकाणीं सुरू होते. फ्रान्समध्यें आव्हेरोंच्या रानांत वाढलेला सुमारें बारा वर्षांचा एक मुलगा १८०० सालीं माणसांत आला. त्याला बोलतां येत नव्हतें. इतार नांवाच्या तरुण डॉक्टरनें त्याला शिकविण्याचा यत्न केला, आणि शब्दांआधीं त्याच्या स्पर्शास आणि इतर इंद्रियांस जागें करण्याची वाट धरली. इतारचा शिष्य सेगँ यानें मतिमंद म्हणून टाकून दिलेल्या मुलांसाठीं, आधीं स्नायु, मग इंद्रियें आणि मग विचार, असा शिक्षणाचा क्रम बसविला व १८४६ सालीं त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्ध्या शतकानंतर रोमच्या डॉ. मारिया माँटेसोरी यांच्या हातीं या दोघांचीं विस्मृतींत गेलेलीं लिखाणें आलीं. त्यांनीं तीं स्वतः इटालियनमध्यें उतरवून आरंभापासून अखेरपर्यंत हातानें लिहून काढलीं, कारण प्रत्येक शब्दाचें वजन पारखावयास त्यांना तोच मार्ग खरा वाटला. हाताच्या द्वारें शिकविण्याची विद्या त्या स्वतः हाताच्या द्वारेंच शिकल्या.

६ जानेवारी १९०७ रोजीं रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत त्यांचें पहिलें बालगृह उघडलें. तेथें मुलांस लेखणी देण्याआधीं त्यांचीं बोटें तयार करण्यांत येत. कांचकागदाचीं खरखरीत अक्षरें गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवून मुलांनीं त्यांवरून लिहिण्याच्या दिशेनें बोट फिरवावयाचें आणि त्या अक्षराचा ध्वनि म्हणावयाचा. जबरदस्ती नाहीं, इशारा नाहीं. ज्याला वाटेल त्यानें, वाटेल तितक्या वेळां. कांहीं महिन्यांनीं, डिसेंबरांतल्या एका उन्हाच्या दिवशीं, गच्चीवर बसल्या असतां बाईंनीं एका पांच वर्षांच्या मुलास खडू देऊन समोरच्या धुराड्याचें चित्र काढावयास सांगितलें. त्यानें तें काढलें, क्षणभर थांबला, आणि मला लिहितां येतें, मला लिहितां येतें, असें ओरडत त्यानें फरशीवर एक शब्द लिहिला. त्याला लिहावयास कोणीं सांगितलें नव्हतें. त्यानें आपण होऊन लिहिलेला तो पहिला शब्द होता 'हात'. मग त्यानें 'धुराडें' आणि 'छप्पर' हेहि शब्द लिहिले. तें पाहून इतर मुलेंहि लिहूं लागलीं. धूळपाटीचें तत्त्व येथें पुन्हां सांपडलें होतें, आणि या वेळीं बोटाचा धनी मूल स्वतः होतें.

पुढचा योग तर कादंबरींत शोभावा असा आहे. १९३९ सालीं माँटेसोरीबाई हिंदुस्थानांत आल्या त्या मद्रासेसच, अड्यार येथें. ज्या शहरीं बेलसाहेबांनीं वाळूंतलीं अक्षरें पाहिलीं, त्याच शहरीं सुमारें दीडशें वर्षांनीं कांचकागदाचीं अक्षरें येऊन पोहोंचलीं. १९४० सालीं इटली युद्धांत उतरल्यावर शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून त्यांच्यावर बंधनें आलीं. त्या १९४६ पर्यंत येथेंच राहिल्या आणि या देशांतील शेंकडों शिक्षकांस त्यांनीं तयार केलें.

परंतु त्यांच्या येण्यापूर्वींच बी रुजलें होतें. १९२० सालीं भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांनीं बालमंदिर काढलें. तेथें त्यांना येऊन मिळालेल्या ताराबाई मोडक यांनीं महाराष्ट्रांत या कार्यास जन्म वाहिला. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ सालीं ताराबाईंनीं शहर सोडून तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं काम सुरू केलें, आणि १९५७ सालीं तें अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेंकडीवर, वारली मुलांमध्यें नेलें. परदेशी साहित्याची किंमत तेथें परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, गोटे, बिया, पानें आणि माती हेंच साहित्य झालें. मूल शाळेंत येईना, तर शाळा मुलाच्या अंगणांत गेली, गुरांमागें कुरणांत गेली. ज्यांच्या पूर्वजांस धूळपाटीजवळ फिरकूं दिलें नव्हतें, त्यांच्या बोटांखालीं अक्षर आणण्याचें हें काम मला या सर्व इतिहासांत सर्वांत मोलाचें वाटतें.

याच सुमारास, ऑक्टोबर १९३७ मध्यें, महात्माजींनीं वर्ध्यास शिक्षणपरिषद बोलाविली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना आंखली. तिच्यावर पुष्कळ वाद झाले. माझ्या मतें तिचा आत्मा, हात आणि अक्षर यांची जुनी फारकत मोडण्यांत होता. जेथें टकळी फिरवितांना मुलाच्या मनांत प्रश्न उठत आणि शिक्षक त्या प्रश्नांवरून गणित किंवा भूगोल उकलून दाखवी, तेथें ती सफळ झाली. जेथें सुताचे तार मोजून वहींत आंकडा मांडणें एवढेंच उरलें, तेथें लँकेस्टरची कवाईतच खादी नेसून आली.

आतां अलीकडील संशोधनाचा एक दाखला देऊन आटोपतें घेतों. २००५ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं तीन ते पांच वर्षांच्या मुलांस कांहीं अक्षरें हातानें लिहून आणि कांहींना तींच कळफलकावर दाबून शिकविलीं. त्यांतल्या मोठ्या मुलांत, हातानें लिहिणारांस अक्षरओळख अधिक चांगली झाली. २०१२ सालीं अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाच्या कॅरिन जेम्स आणि त्यांच्या सहकारी यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला, तो याहून बोधक आहे. वाचतां न येणाऱ्या लहान मुलांनीं अक्षरें तीन प्रकारांनीं काढलीं : मोकळ्या हातानें, तुटक रेघेवरून गिरवून, आणि कळ दाबून. नंतर तीं अक्षरें पाहतांना मुलांच्या मेंदूचें चुंबकीय यंत्रानें चित्रण केलें. वाचनाच्या कामीं पुढें येणारे मेंदूचे भाग जागे झाले ते मोकळ्या हातानें लिहिल्यानंतर. कळ दाबून नाहीं, आणि नुसतें गिरवूनहि नाहीं.

नुसतें गिरवूनहि नाहीं, हें वाक्य आपण शिक्षकांनीं आणि पालकांनीं जपून ठेवावें. दुसऱ्यानें आंखलेल्या रेघेवरून हात फिरविणें हा आरंभ आहे; अक्षर मुलाचें होतें तें रेघ नाहींशी झाल्यावर, त्यानें स्वतः चुकत, वांकडें काढत, पुन्हां काढलें म्हणजे. धुळीची थोरवी हीच होती, कीं ती गिरवूं देई आणि मग पुसून टाकी. हालचाल शिकविते खरी, परंतु ती मुलाची स्वतःची असेल तेव्हांच. हुकुमावर उचललेला हात आज्ञापालन शिकतो. शोधीत जाणारा हात अक्षर शिकतो.

आज घरोघर मुलांच्या हातीं कांचेची चकाकती पाटी आली आहे. तिच्यावर बोट फिरविलें कीं अक्षर आपोआप सुबक होतें आणि शाबासकीचा घंटानाद होतो. मी तिचा वैरी नाहीं. तिचे उपयोग आहेत. पण तीवर बोट घसरतें, त्याला कांहीं अडत नाहीं; आणि सुबकपणा यंत्राचा असतो, मुलाचा नव्हे. म्हणून एक स्वस्त उपाय सुचवितों. घरांत तीनचार वर्षांचें मूल असेल तर एका ताटांत मूठभर रांगोळी किंवा रवा पसरा. एक अक्षर काढून द्या, त्याचा ध्वनि म्हणा, मुलास गिरवूं द्या. मग ताट हलवून तें पुसून टाका आणि दोन हात मागें सरून बसा. अक्षर वांकडें येईल. तें सुधारण्याची घाई करूं नका. ताट पुन्हां हलवावयाचें केव्हां, तें मुलाला ठरवूं द्या.